पाणी देऊनही चाकूची धार टिकत नाही? भट्टीला दोष देण्याआधी पट्टी तपासा

पातं लालबुंद केलं, तेलात बुडवलं, गार झाल्यावर कानस फिरवून बघितली, तर कानस खातेय, म्हणजे पातं मऊच. पुन्हा तापवलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा तेच. मग माणूस तेल बदलतो, भट्टीला मोठा ब्लोअर लावतो, रंग नीट दिसावा म्हणून रात्री दिवे घालवून तापवतो. घरी चाकू बनवायला नुकती सुरुवात केलेल्यांची ही तक्रार माझ्याकडे सारखी येते आणि त्यावर मी आधी एकच गोष्ट विचारतो: पट्टी कोणत्या ग्रेडची होती? "भंगारातून आणली", "हार्डवेअरवाल्याने स्प्रिंग स्टील म्हणून दिली", "ऑनलाइन हाय कार्बन लिहिलं होतं" यांपैकी काही ऐकलं, की भट्टीची चर्चा मी बाजूला ठेवतो. स्टील कुठलं हे माहीत नसेल तर किती तापवायचं, कशात बुडवायचं, किती वेळ टेंपर करायचं (ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवायचं), यातल्या कशालाच उत्तर नाही.

पाणी चढतं, म्हणजे तापवून बुडवल्यावर पोलाद कडक होतं, ते कार्बनमुळे. खिडकीच्या ग्रिलला, गेटला, शेडच्या अँगलला वापरतात त्या एमएसमध्ये, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, कार्बन साधारण ०.१५ ते ०.२५ टक्के असतो. ते कितीही तापवा आणि कशातही बुडवा, चाकूला लागेल इतकं कडक होणार नाही. बांधकामाच्या सळईचंही तेच. ईएन-८ या ग्रेडमध्ये कार्बन ०.३५ ते ०.४५ टक्के. हे शाफ्टसाठी उत्तम, पाण्यात बुडवलं तर बऱ्यापैकी कडकही होतं आणि म्हणूनच फसवतं. कानस थोडी अडखळते, आपल्याला वाटतं जमलं, आणि चार कांदे चिरले की धार वळते. ईएन-९ मध्ये ०.५० ते ०.६० टक्के. ते कोयत्या-कुऱ्हाडीला चालेल, स्वयंपाकघरातल्या सुरीला कमीच पडतं. सुरीसाठी मी ०.७० टक्क्यांच्या खाली जात नाही.

स्टेनलेसचा घोटाळा वेगळाच. भांड्यांचं ३०४ किंवा २०२ तापवून बुडवल्याने कडक होतच नाही, त्याची रचनाच तशी नाही. कारखान्यात बनलेल्या स्टेनलेस सुऱ्या ४२०, ४४०सी अशा ग्रेडच्या असतात. त्यांना पाणी चढतं, पण त्यासाठी १००० अंश सेल्सिअसच्या आसपासचं मोजून धरलेलं तापमान लागतं. कोळशाच्या भट्टीत ते डोळ्यांच्या अंदाजाने साधणं अवघड आहे, त्यामुळे पहिल्या चाकूसाठी स्टेनलेसच्या वाटेला जाऊ नका.

हातातलं पातं फेकण्याआधी

मऊपणा नेमका कुठे आहे ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

पातं एकाच ठिकाणी मऊ आहे, बाकी सगळीकडे कानस घसरतेय, तर पट्टी बहुधा चांगली आहे. टोकाकडे मऊ असेल तर पाणी दिल्यानंतर ग्राइंडरवर टोक तापलं असणार. टोक पातळ असतं, तापायला क्षणभर पुरतो. धारेवर निळा डाग दिसला, म्हणजे तिथलं तापमान ३०० अंशांच्या जवळ जाऊन आलं आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. यावर उपाय एकच: पाणी दिल्यानंतरचं सगळं घासकाम उघड्या बोटांनी पातं धरून करायचं, चटका बसायला लागला की लगेच पाण्यात बुडवायचं. मुठीकडचा भाग मऊ असेल तर तो तापलाच नव्हता, किंवा सांडशीच्या जबड्यात होता म्हणून तेलात हळू गार झाला. तो भाग मऊ राहिला तरी फरक पडत नाही, उलट बरंच.

पातं सगळीकडे सारखंच मऊ असेल तर आणखी एक शंका आधी फेडून घ्या. भट्टीत हवेचा जोर जास्त असला की पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो आणि वर एक मऊ कातडी तयार होते. कानस ती कातडी खाते, खाली मात्र पोलाद कडक असतं. धारेजवळ अर्धा इंच जागा सावकाश, पाणी मारत, पाव मिलीमीटर घासा आणि मग पुन्हा कानस फिरवा. आता घसरली तर पातं वाचलं, नुसतं घासून घ्यायचंय. या कातडीपायी कितीतरी जण चांगलं कडक झालेलं पातं पुन्हा पुन्हा भट्टीत घालून खराब करतात. त्यात कधी तापमान जास्त गेलं की पोलादाच्या आतला दाणा मोठा होतो आणि पातं ठिसूळ बनतं.

घासूनही मऊच असेल तर शंका पट्टीवर. त्याचा निकाल तुकडा परीक्षेने लावायचा.

तुकडा परीक्षा

ही परीक्षा खरं तर पातं कापायच्या आधी करायची असते. पट्टीच्या टोकाचा बोटभर लांब, अर्धा इंच रुंद तुकडा हॅकसॉने कापा. हॅकसॉ चालतच नसेल तर पट्टी आधीच कडक आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय. तुकड्याच्या मध्यावर कानशीने एक खाच पाडा. भट्टीत तापवत राहा आणि मधूनमधून चुंबक लावून बघा. साधारण ७७० अंशांना चुंबक धरेनासा होतो. तिथून आणखी थोडा, रंग एक छटा उजळ होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. हो, या तुकड्यासाठी पाणीच. पाणी तेलापेक्षा झपाट्याने गार करतं. पाण्यातही कडक होत नाही ते पोलाद तेलात होणं शक्य नाही.

आता तुकडा व्हाइसमध्ये खाचेपर्यंत धरा, वरून जाड कापड टाका, डोळ्यांवर गॉगल लावा आणि हातोडीने ठोका. वाकला तर एमएस आहे, विषय संपला. आधी थोडा वाकून मग मोडला आणि कानसही अडखळत का होईना पण खातेय, तर ईएन-८ च्या आसपासचं काहीतरी आहे. जराही न वाकता टक्कन मोडला आणि कानस पूर्ण घसरली, तर पट्टीत कार्बन आहे.

मोडलेली कड उजेडात धरून नीट बघा, भिंग असेल तर आणखी छान. दाणा मैद्यासारखा बारीक, राखाडी, न चमकणारा दिसला तर तापमान बरोबर होतं. रव्यासारखा जाड आणि चमचमता दिसला तर जास्त तापलं. हाच तुकडा तुमच्या भट्टीचा रंगही शिकवतो. तीन-चार तुकडे वेगवेगळ्या छटांपर्यंत तापवून मोडा आणि कडा शेजारी शेजारी ठेवून बघा. योग्य छटा कुठली हे एकदा डोळ्यात बसलं की ते कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण तुमच्या अंगणातला उजेड तक्त्यात नसतो.

परीक्षेची एक मर्यादा आहे. डी-२, हायस्पीड स्टील किंवा कडक होऊ शकणारं स्टेनलेस या तापमानाला धड कडक होत नाही. त्यामुळे तुकडा नापास झाला याचा अर्थ "पोलाद वाईट" असा नाही, "आपल्या भट्टीत होणारं नाही" एवढाच घ्यायचा. निर्णय तोच राहतो: ही पट्टी बाजूला ठेवा.

ग्राइंडर हाताशी असेल तर ठिणग्याही बघा. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ जातात, फार फुटत नाहीत. कार्बन जास्त असेल तर ठिणगी चाकापासून जवळच फुटते आणि तिला भरपूर फांद्या येतात. घरात ठेवलेली एखादी जुनी कानस शेजारी घासून तुलना करा. ठिणग्यांवरून ग्रेड सांगता येत नाही, पण एमएस नक्की वगळता येतं.

ट्रकचा पाटा: स्वस्त, पण पहिल्या चाकूला नको

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण नवख्या लोकांना पहिला सल्ला "गॅरेजमधून पाटा आण" (ट्रकच्या स्प्रिंगची जुनी पट्टी) असाच मिळतो. सल्ला देणारे चुकीचं बोलत नसतात. आपल्याकडचे लोहार, घिसाडी वर्षानुवर्षं पाट्यातून कोयते, कुऱ्हाडी, विळे घडवत आलेत आणि ती अवजारं शेतात राबतात. पण त्यांचं काम जवळून बघा. ते सगळं पातं बुडवत नाहीत. फक्त धारेपुरतं पाणी देतात, पाठ गरमच ठेवतात. लगेच विटेच्या तुकड्याने धार घासून चकचकीत करतात आणि पाठीतली उष्णता धारेकडे सरकताना बघत थांबतात. आधी फिकट पिवळा, मग गडद पिवळा, मग तांबूस रंग धारेपर्यंत येतो, आणि हवा तो रंग आला की अख्खं पातं पाण्यात. पाणी देणं आणि टेंपर करणं, दोन्ही एकाच तावात. हे हातात मुरलेलं कसब आहे. शिवाय कोयता जाड असतो, थोडा मऊ राहिला तरी चालतो, धार बोथटली की शेवटून, म्हणजे पुन्हा धार काढून, घेता येते. दोन मिलीमीटर जाडीच्या भाजीच्या सुरीकडून आपली अपेक्षा वेगळी असते.

आता पाट्यातल्या अडचणी. पहिली म्हणजे पाटा एकाच पोलादाचा नसतो. ईएन-४५ मध्ये कार्बन ०.५० ते ०.६० टक्के आणि सिलिकॉन दीड-दोन टक्के. एसयूपी-९ मध्ये कार्बन जवळपास तेवढाच, पण सिलिकॉनऐवजी क्रोमियमवर भर. सिलिकॉनमुळे ईएन-४५ ला ९०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, एसयूपी-९ ला ८५० च्या आसपास पुरतं. चुंबक सुटल्यावर लगेच बुडवलेला ईएन-४५ चा पाटा अर्धवट कडक होतो, आणि "पाणी दिलं तरी कानस खाते" ही तक्रार तिथूनच येते. पाट्यातूनच चाकू करायचा असेल तर हे आधी करून बघा: चुंबक सुटल्यावर आणखी दोन छटा, नारंगीपर्यंत, तापवलेला तुकडा तेलात टाकून मोडा. बऱ्याचदा पट्टीची परीक्षा तिथे निकाली निघते.

दुसरी अडचण भेगांची. लाखो वेळा वाकून आलेल्या पाट्यात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ आणि जिथे तो दुसऱ्या पाट्यावर घासतो तिथे, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. पाणी देताना "टिक्" असा आवाज आला की समजा भेग उघडली. तुमचे कितीतरी तासांचे कष्ट तिथेच संपतात.

तिसरी, जाडी. ट्रकचा पाटा आठ ते बारा मिलीमीटर जाड. ऐरण, हातोडा आणि दंडात बळ असेल तर तो ठोकून पातळ करता येतो. फ्लॅटच्या गॅलरीत चार इंची ग्राइंडरने बारा मिलीमीटरचे अडीच करणं म्हणजे दिवसच्या दिवस धूळ, आवाज आणि शेजाऱ्यांच्या शिव्या. स्वस्तात आणलेला पाटा डिस्कांच्या खर्चात महाग पडतो.

मग कुठली पट्टी घ्यायची

पहिल्या चाकूसाठी माझं मत पक्कं आहे: १०७५, १०८० किंवा १०८४. कार्बन साधारण पाऊण टक्का ते ०.९ टक्के, थोडं मँगनीज, बाकी विशेष काही नाही. साधं पोलाद आहे, म्हणूनच चुका पोटात घालतं. चुंबक सुटल्यावर एक छटा वर, म्हणजे ८०० ते ८३० अंश, आणि कोमट तेलात. तापमान तासभर धरून ठेवायची गरज नाही. चाकू बनवणाऱ्यांसाठी पट्ट्या विकणाऱ्यांकडे या ग्रेड मिळतात. बाजारात यांना जवळचं म्हणजे ईएन-४२ ची स्प्रिंग पट्टी, कार्बन ०.७० ते ०.८५ टक्के. ८०सीआरव्ही२ मिळालं तर तेही छान, थोडं जास्त चिवट.

१०९५ नाव मोठं म्हणून घेऊ नका. त्यात कार्बन जास्त आणि मँगनीज कमी, त्यामुळे एका सेकंदाच्या आत झपाट्याने गार व्हावं लागतं. घरच्या खाद्यतेलात ते अर्धवट राहतं, पाण्यात टाकलं तर तडकतं. ईएन-३१ हे बेअरिंगचं पोलाद, कार्बन एक टक्का, वर क्रोमियम. टूल स्टीलच्या दुकानांत सहज मिळतं आणि चाकू अप्रतिम होतो, पण ठरावीक तापमानाला काही मिनिटं स्थिर धरावं लागतं. ओएचएनएस या तेलात कडक होणाऱ्या टूल स्टीलचंही तसंच. तापमान दाखवणारी भट्टी आली की या दोन्हींकडे जरूर वळा. डी-२ ला १००० अंशांच्या वर तापमान लागतं, ते बाहेरून हीट ट्रीटमेंट करून घ्यायचं असेल तरच घ्या.

बाजारात विचारायचं कसं, हेही महत्त्वाचं. कळंबोलीच्या स्टील मार्केटात असा, भोसरीच्या एखाद्या दुकानात असा किंवा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत, "शेठ, स्प्रिंग स्टीलची पट्टी आहे का?" असं विचारलंत तर "आहे ना, किती पाहिजे?" हेच उत्तर येणार आणि हातात काय पडेल ते सांगता येत नाही. ग्रेड सांगून मागा. टीसी मागा, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. त्यावर हीट नंबर (त्या ओतकामाचा क्रमांक) आणि कार्बन, मँगनीज, क्रोमियमचे आकडे असतात. छोट्या तुकड्यासाठी दुकानदार टीसीची प्रत द्यायला नाखूश असला तरी दाखवायला सहसा हरकत नसते, मोबाइलवर फोटो काढून घ्या. पट्टीच्या एका टोकाला ग्रेडचा रंग किंवा शिक्का असतो, तो आणि टीसी जुळतात का बघा. पट्टी मऊ आहे की कडक करून आलेली, हे विचाराच. निळसर झाक असलेली स्प्रिंग पट्टी बहुतेकदा कडक आणि टेंपर करून आलेली असते. तिला ड्रिल लागत नाही, आणि स्प्रिंगसाठी ठेवलेला तो कडकपणा चाकूला पुरतही नाही. अशी पट्टी आधी चुंबक सुटेपर्यंत तापवून लाकडाच्या राखेत किंवा चुन्यात रात्रभर गाडून ठेवा, मऊ झाली की कापा, भोकं पाडा, आणि शेवटी नव्याने पाणी द्या.

जाडीबद्दल नवे लोक नेहमी एकाच बाजूला चुकतात, जाड घेतात. भाजीच्या सुरीला २ ते २.५ मिलीमीटर, फळं सोलायच्या छोट्या सुरीला दीड ते दोन, बाहेर रानात वापरायच्या चाकूला ३ ते ४. सहा मिलीमीटरची पट्टी मजबूत वाटते, पण तिची सुरी बटाटा चिरत नाही, फोडते.

तयार कापून मिळणारी पाती घेत असाल तर वरचे सगळे प्रश्न तसेच लागू होतात. "हाय कार्बन" ही ग्रेड नाही. दमास्कस पात्याच्या बाबतीत तर जास्तच सावध राहा. ॲसिडमध्ये नक्षी उठते ती दोन वेगळ्या धातूंच्या थरांमुळे. ते थर कडक होणारे आहेत की नाहीत, हे नक्षी सांगत नाही. कडक करून आलेलं पातं असेल तर कडकपणा किती एचआरसी (रॉकवेल मापावरचा आकडा) ते विचारा. ५८ ते ६० च्या आसपासचं उत्तर आणि ग्रेड, दोन्ही मिळाले तर घ्या.

भंगारातून आणलेलं काहीही भट्टीत घालण्याआधी त्यावर जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा नाही ना, ते नीट बघा. जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप भरतो, माणूस खरोखर आजारी पडतो. यात धाडस दाखवू नका.

ग्रेड कळली, आता पाणी

१०७५ ते १०८४ साठी सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती वाफेचं आवरण धरतं आणि हळू गार करतं, हे पुष्कळांना उलटं वाटतं. जुनं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर वाईट. भांडं लोखंडी आणि खोल असू द्या, झाकण हाताशी ठेवा, तेल पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी कधीच नाही. कोळशाची भट्टी बंद खोलीत पेटवू नका.

धार पाणी देण्याआधी अगदी पातळ करू नका, पाऊण ते एक मिलीमीटर ठेवा, नाहीतर पातं वाकतं. पातं टोकाकडून सरळ खाली बुडवा, पुढे-मागे हलवा, आडवं हलवू नका. हात लावता येईल इतकं गार झालं की कानस फिरवा आणि घसरली की त्याच दिवशी टेंपर करा. घरच्या ओटीजी ओव्हनमध्ये २०० अंशांना दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. ओटीजीच्या बटणावरचा आकडा खरा धरू नका, आत ओव्हन थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळू भरलेल्या ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे कॉइलचा थेट ताव लागत नाही. पात्याचा थोडा भाग आधी चकचकीत घासून ठेवलात तर त्यावर फिकट गवती रंग येतो. जांभळा किंवा निळा आला तर तापमान फार वर गेलं, पातं मऊ पडलं, पुन्हा पाणी द्यावं लागेल.

वापरायला लागल्यावर धार वळत असेल तर पातं मऊ आहे, धारेचे कण उडत असतील तर जास्त कडक आहे किंवा दाणा मोठा झालाय. कण उडत असतील तर आधी २२० अंशांना आणखी एकदा टेंपर करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. ग्रेड माहीत असलेल्या पट्टीत हे असं वीस-वीस अंशांनी हलवून बघता येतं आणि दर वेळी कुठे पोचलो ते कळतं.

बाहेरून हीट ट्रीटमेंट करून घेणार असाल तर एमआयडीसीतले हीट ट्रीटमेंटवाले एकटंदुकटं पातंही घेतात, त्याच ग्रेडचा दुसरा माल लागला की त्यात टाकतात. ते ग्रेड विचारणारच. टीसीचा फोटो दाखवा, हवा तो एचआरसी सांगा, आणि सोबत त्याच पट्टीचा एक छोटा तुकडा द्या. कडकपणा मोजताना पडणारा ठसा त्या तुकड्यावर पडू दे, तुमच्या पात्यावर नको.